एकत्र बसले, ते काय ठरवून?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात. खिलाफत (तुर्कस्तानच्या सुलतानाचं खलिफापद, म्हणजे मुसलमानांचं धर्मप्रमुखपद, वाचवण्याची चळवळ) आणि असहकाराच्या काळात हिंदू आणि मुसलमान कार्यकर्त्यांनी मिळून घेतलेल्या सभांवर तुम्हाला प्रकल्प करायचाय. एका पुस्तकात तो ऐक्याचा सुवर्णकाळ म्हणून भेटला, दुसऱ्यात तीच गोष्ट भाबडेपणाची आणि फसवणुकीची म्हणून. आणि तुम्ही विचारलंत, 'तीन-चार वर्षांत दंगे सुरू झाले, मग त्या सभा खोट्याच होत्या असं म्हणायचं का?'

मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. त्यातल्या बऱ्याच सुट्ट्या मुंबईत काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात, जुन्या मुंबई सरकारच्या फायली वाचण्यात गेल्या. तुमचा प्रश्न दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारायचंच. सुरुवातीची काही वर्षं मी त्याचं उत्तर अर्धवट देत होतो. ते कसं, हे पुढे सांगतो.

खरी अडचण 'खरं की खोटं' ही नाही. आपण सभेकडे बघतो आणि जमलेल्यांच्या मनात एकमेकांविषयी प्रेम होतं का, हे शोधायला जातो. शंभर वर्षांपूर्वीच्या हजारो माणसांच्या मनात काय होतं ते ना मला कळणार, ना तुम्हाला. सभा मात्र घडलेली गोष्ट असते. ती कुणी बोलावली, कुठे भरली, अध्यक्ष कोण होतं, भाषणं कुठल्या भाषेत झाली, ठराव काय झाला, कोणता विषय मुद्दाम बाजूला ठेवला आणि सभेपायी पुढे कुणाला काय भोगावं लागलं, हे कागदावर सापडतं. आपल्याकडे लग्न ठरताना याद्या होतात ना, तसं. मुलामुलीचं एकमेकांवर प्रेम आहे का हे याद्यांवरून कळत नाही. पण दोन घरांनी देण्याघेण्याचं काय ठरवलं आणि कुठला विषय कुणीच काढायचा नाही असं ठरवलं, हे नक्की कळतं. प्रकल्पात तुम्ही एवढंच केलंत तरी दोन्ही पुस्तकांच्या पुढे जाल.

याद्यांची उपमा सगळ्यात चपखल बसते ती लखनौला, म्हणून सुरुवात तिथून करा, खिलाफतीपासून नको. डिसेंबर १९१६ मध्ये काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोघांची अधिवेशनं लखनौत एकाच वेळी भरली. काँग्रेसचे अध्यक्ष अंबिकाचरण मुजुमदार, लीगचे जिना. नाताळच्या सुट्टीत कोर्टकचेऱ्या बंद, त्यामुळे वकील मंडळी मोकळी, आणि या सगळ्या राजकारणात वकिलांचाच भरणा. त्याआधी १९१५ साली मुंबईतही दोन्ही अधिवेशनं लागून भरवली होती, पण लीगच्या मंडपात विरोधकांनी गोंधळ घातला आणि मझहरुल हक यांच्या अध्यक्षतेखालची ती बैठक शेवटी ताजमहाल हॉटेलात उरकावी लागली. एकत्र येण्याला मुसलमानांतूनच विरोध होता, हे त्यातून दिसतं. हिंदूंतही होता. लखनौच्या करारावर काँग्रेसचे पुढारी मदनमोहन मालवीय नाखूश होते.

तरी करार झाला, आणि तो चक्क टक्केवारीचा होता. मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ काँग्रेसने मान्य केले. कायदेमंडळातल्या निवडून येणाऱ्या जागांपैकी पंजाबात निम्म्या, बंगालमध्ये ४० टक्के, मुंबई इलाख्यात एक तृतीयांश, संयुक्त प्रांतात ३०, बिहारमध्ये २५, मद्रास आणि मध्य प्रांतात प्रत्येकी १५ टक्के मुसलमानांना, असं ठरलं. हे आकडे नीट वाचा. बंगालमध्ये मुसलमान निम्म्याहून जास्त होते, त्यांनी ४० वर समाधान मानलं. संयुक्त प्रांतात ते लोकसंख्येच्या सातव्या हिश्शाच्या आसपास, तिथे त्यांना ३० मिळाले. म्हणजे एका प्रांतातल्या मुसलमानांनी सोडलं आणि दुसऱ्या प्रांतातल्यांनी मिळवलं. टिळकांनी या कराराच्या बाजूने आपलं सगळं वजन टाकलं. हिंदूंनी फार दिलं, असं म्हणणाऱ्यांना त्यांचं उत्तर होतं की स्वराज्याचे हक्क उद्या एकट्या मुसलमानांना मिळाले तरी माझी हरकत नाही, कारण मग झगडा हिंदू, मुसलमान आणि इंग्रज अशा तिघांचा न राहता दोघांचा राहील. केसरीकारांकडून हे आलं, म्हणून त्याला वजन होतं. करारात भावनेचा ओलावा शोधू नका. दोन्ही बाजूंनी हिशेब करून, इंग्रजाला एक मागणी एका तोंडाने करता यावी म्हणून केलेली ती देवघेव होती. मला ती प्रामाणिक वाटते, ती हिशेबी होती म्हणूनच.

१९१९ च्या वसंतात जे झालं ते मात्र याद्यांच्या पलीकडचं होतं. रौलट कायद्याविरुद्ध ३० मार्चला दिल्लीत हरताळ झाला, गोळीबार झाला, हिंदू आणि मुसलमान दोघेही मेले. ४ एप्रिलला आर्य समाजाचे स्वामी श्रद्धानंद यांना दिल्लीच्या जामा मशिदीत बोलावलं गेलं आणि भगव्या वस्त्रातल्या त्या संन्याशाने तिथे वेदमंत्र म्हणून भाषण केलं. हे कुणा कमिटीने टक्के ठरवून केलेलं नव्हतं. पाच दिवसांनी, ९ एप्रिलला, अमृतसरमध्ये रामनवमीच्या मिरवणुकीत मुसलमान मोठ्या संख्येने चालले आणि लोक भर रस्त्यात एकाच पेल्यातून पाणी प्यायले. रेल्वे स्टेशनवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे वेगळे घडे असायचे तो हा काळ. त्यामुळे पेल्याची नोंद सरकारी चौकशीतसुद्धा झाली. त्याच मिरवणुकीतले बँड डेप्युटी कमिशनरसमोर आल्यावर राजाच्या सलामीची धून वाजवून पुढे गेले, हीही नोंद आहे. बंडाची तयारी असती तर ती धून वाजली नसती. पण सरकारला भीती वाटली ती पेल्याची. दुसऱ्या दिवशी डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल या दोन पुढाऱ्यांना उचलून धरमशाळेला नेलं. १३ एप्रिलला जालियनवाला बाग झाली.

आता मुंबईकडे या, कारण तुम्हाला इथे काम करणं सोपं जाईल. ६ एप्रिल १९१९, रविवार. सकाळी हजारो लोक चौपाटीवर समुद्रस्नान करून मिरवणुकीने ठाकूरद्वारकडे निघाले. बायका-मुलं होती, मुसलमानही मोठ्या संख्येने होते. ठाकूरद्वारहून काही मुसलमान मंडळी गांधी आणि सरोजिनी नायडूंना जवळच्या मशिदीत घेऊन गेली आणि दोघांना तिथे बोलायला लावलं. या प्रसंगाची हकिकत गांधींनी आत्मकथेत दिली आहे, आणि त्यातली एक बारीक गोष्ट मी प्रत्येक वर्गाला वाचून दाखवायचो. विठ्ठलदास जेराजाणी म्हणाले, लोक जमलेच आहेत तर आत्ताच्या आत्ता सगळ्यांना स्वदेशीची आणि हिंदू-मुसलमान ऐक्याची शपथ देऊन टाकू. गांधींनी नकार दिला. शपथ अशी घाईगर्दीत द्यायची आणि घ्यायची नसते, ज्यांना घ्यायची असेल त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी यावं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते पुढे लिहितात की दुसऱ्या दिवशी फार थोडे लोक आले.

विचार करा. नुसती गर्दी दाखवायची असती तर त्या क्षणी मशिदीत हात वर करून शपथ घेणारे हजारो मिळाले असते आणि वर्तमानपत्रात मोठा मथळा आला असता. तो मोह टाळला गेला, आणि मग खरे किती ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. हजारोंचा उत्साह आणि मूठभरांची तयारी, दोन्ही खरं होतं. सुवर्णकाळवाले पहिला दिवस सांगतात, फसवणूकवाले दुसरा. तुम्ही दोन्ही लिहा.

या सगळ्या बैठकांतली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची बैठक नोव्हेंबर १९१९ ची, दिल्लीतली. तिच्यावर थोडा जास्त वेळ थांबतो. मुंबईत त्याच वर्षी मार्चमध्ये खिलाफत कमिटी स्थापन झाली होती, मियाँ मोहम्मद छोटानी हे लाकडाचे मोठे व्यापारी तिचे अध्यक्ष. युद्ध हरलेल्या तुर्कस्तानचे तुकडे करू नका, खलिफाच्या ताब्यातून पवित्र स्थळं काढू नका, ही मागणी. खिलाफत परिषदेचं अधिवेशन दिल्लीत भरलं आणि २४ नोव्हेंबरला हिंदू-मुसलमानांची संयुक्त बैठक झाली, अध्यक्ष गांधी. निमंत्रणपत्रिकेतच असं होतं की खिलाफतीबरोबर गोरक्षणाच्या प्रश्नाचाही विचार होईल. म्हणजे सौदा समोर तयार होता. हिंदूंनी खिलाफतीला पाठिंबा द्यायचा, मुसलमानांनी गोवध सोडायचा. लखनौच्या पद्धतीने बघितलं तर ही स्वच्छ देवघेव होती.

गांधींनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. खिलाफतीची मागणी न्याय्य असेल तर हिंदूंनी शेजारधर्म म्हणून, काही न मागता, तिला साथ द्यावी. त्याच बैठकीत गाईचा विषय काढणं हिंदूंना शोभणार नाही. आणि मुसलमानांनी गोवध सोडायचा तर तोही शेजाऱ्याच्या भावनेखातर, आपणहून सोडावा, मोबदला म्हणून नको. म्हणून या बैठकीत फक्त खिलाफतीचं बोलू. बैठकीने हे मानलं. पण लखनौच्या फिरंगीमहल या नामांकित मदरशाचे मौलाना अब्दुल बारी यांनी तरीही सांगून टाकलं की हिंदू साथ देवोत न देवोत, एका देशाचे रहिवासी म्हणून मुसलमानांनी गाई मारणं थांबवावं. त्यानंतरच्या काळात कुर्बानीसाठी गाई कापणं बऱ्याच ठिकाणी लक्षात येण्यासारखं कमी झालं. कायदा नाही, सक्ती नाही.

त्याच बैठकीत मौलाना हसरत मोहानी ब्रिटिश मालावर बहिष्काराचा ठराव घेऊन उभे राहिले. कवी माणूस, टिळकांना गुरू मानणारा, आणि बोलायला लागला की मंडप डोक्यावर घेणारा. गांधींना ब्रिटिश मालावरचा बहिष्कार पटत नव्हता, पण त्याऐवजी काय, हे सांगायला त्यांच्याकडे नेमका शब्द नव्हता. उर्दूत किंवा हिंदीत तो सापडेना. मौलाना बोलत असतानाच गांधींना 'नॉन-कोऑपरेशन' हा इंग्रजी शब्द सुचला, तोच पुढे आपल्याकडे 'असहकार' झाला. पुढची दोन वर्षं ज्या शब्दाने देश हलला तो अशा बैठकीत, एका मौलानाशी असलेल्या मतभेदातून जन्माला आला. एकत्र बसण्याचं फळ म्हणजे एकमत, असं आपण धरून चालतो. इथे फळ मिळालं ते मतभेद उघड मांडल्यामुळे.

घोषणांचंही असंच. १९२० मध्ये मद्रास इलाख्यातल्या दौऱ्यात गांधींच्या लक्षात आलं की सभेत हिंदू 'वंदे मातरम्' ओरडतात, मुसलमान 'अल्लाहू अकबर', आणि दोघे एकमेकांवर आवाज चढवतात. एकाच मंडपात दोन सभा चाललेल्या. त्यांनी लेख लिहून सुचवलं की घोषणा तीनच असाव्यात आणि तिन्ही सगळ्यांनी द्याव्यात: 'अल्लाहू अकबर', मग 'वंदे मातरम्' किंवा 'भारतमाता की जय', आणि तिसरी 'हिंदू-मुसलमान की जय'. मला हा कागद फार मोलाचा वाटतो. एकत्र जमलेली माणसं आपोआप एक होत नाहीत, हे आयोजकांना माहीत होतं. सभेचं काम म्हणजे असल्या बारीकसारीक गोष्टी सांभाळणं. तुमच्या गावच्या सभेची नोंद मिळाली तर घोषणा कोणत्या आणि कुणी दिल्या हे पहिल्यांदा बघा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते कबूल करतो. 'संयुक्त सभा' हा एकच शब्द आपण वापरतो, पण गावागणिक, महिन्यागणिक तिचा अर्थ बदलतो. मुंबईत छोटानींसारखे व्यापारी आणि उमर सोबानींसारखे गिरणीमालक पैसा उभा करत होते, वर्तमानपत्रं होती, सभा सहज भरत. छोट्या गावात सगळा डोलारा एखादा वकील, एखादा मौलवी आणि एखादा शाळामास्तर यांच्या ओळखीवर उभा असे, आणि त्यातला एक तुरुंगात गेला की सभा थांबत. भाषेचाही फरक पडतो. उर्दू भाषण मराठी शेतकऱ्यांच्या गर्दीपुढे झालं असेल तर त्यांनी काय ऐकलं असेल, हे स्वतःला विचारा. बायकांचं तर वेगळंच. १९१७ साली कलकत्त्याच्या लीगच्या अधिवेशनाचे निवडलेले अध्यक्ष मोहम्मद अली नजरकैदेत होते, म्हणून अध्यक्षाच्या खुर्चीवर त्यांची तसबीर ठेवली आणि त्यांच्या आई, बी अम्माँ, बुरख्यात येऊन बोलल्या. अशा एका बाईमुळे किती बायका पुढच्या सभांना आल्या हे गावोगाव वेगळं निघेल.

आणि उद्दिष्टही सगळ्यांचं एक नव्हतं. खिलाफतवाल्यांच्या डोळ्यांपुढे इस्तंबूल आणि मक्का-मदिना होती. काँग्रेसवाल्यांपुढे पंजाबचा अत्याचार आणि स्वराज्य. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेस भरली तेव्हा १४,५८२ प्रतिनिधी आले, त्यांत १,०५० मुसलमान आणि १६९ स्त्रिया. तिथेच जिनांनी या सगळ्या मार्गाला विरोध केला, लोकांनी ओरडून त्यांना बोलू दिलं नाही आणि ते काँग्रेसमधून बाहेर पडले. चार वर्षांपूर्वी लखनौत ज्यांनी करार घडवून आणला तेच. ऐक्याच्या सगळ्यात मोठ्या मंडपात ऐक्याच्या शिल्पकाराला जागा उरली नाही, हे तुमच्या प्रकल्पात आलंच पाहिजे.

पण उद्दिष्टं वेगळी होती म्हणून साथ खोटी होती, हे मला मान्य नाही. त्यासाठी कराचीचा खटला वाचा. जुलै १९२१ मध्ये कराचीत खिलाफत परिषद भरली. मुसलमानाने ब्रिटिश फौजेत राहणं किंवा भरती होणं धर्माविरुद्ध आहे, असा ठराव झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सरकारने सात जणांवर खटला भरला, तो खालिकदिना हॉलमध्ये चालला. मोहम्मद अली, शौकत अली, किचलू, हुसेन अहमद मदनी, निसार अहमद, पीर गुलाम मुजद्दिद, आणि सातवे शारदापीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ. हो, शंकराचार्य. आरोपीच्या जागेवर देवबंदचे मौलाना आणि हिंदू जगद्गुरू एकत्र. १ नोव्हेंबरला सहा जणांना दोन-दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, शंकराचार्य सुटले. निकालाच्या आधीच, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, गांधी आणि इतर चाळीसेक पुढाऱ्यांनी मुंबईतून पत्रक काढून अली बंधूंनी जे म्हटलं तेच आम्हीही म्हणतो असं सही करून जाहीर केलं, आणि १६ ऑक्टोबरला देशभर सभा भरवून तो मजकूर पुन्हा वाचला गेला. ज्या वाक्यासाठी माणसं आत आहेत तेच वाक्य उघड्या मैदानात पुन्हा उच्चारायचं, म्हणजे तुरुंगाचं निमंत्रण. व्यासपीठावरची गळाभेट दिखाऊ असू शकते. ही सही तशी नव्हती.

आता माझी चूक. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी वर्गात इथपर्यंत यायचो आणि थेट चौरीचौऱ्याला उडी मारायचो. एकदा मागच्या बाकावरच्या एका पारशी मुलीने विचारलं, 'सर, सतरा नोव्हेंबरचं सांगणार नाही का?' तिच्या घरात ती तारीख पणजीपासून चालत आलेली होती. माझ्या टिपणांत ती नव्हती.

१७ नोव्हेंबर १९२१ ला इंग्लंडचा युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईत उतरला. काँग्रेस आणि खिलाफतवाल्यांचा बहिष्कार होता. परळला, जिथे जुलैअखेरीस विदेशी कापडाची मोठी होळी झाली होती त्याच उमर सोबानींच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, पुन्हा होळी आणि सभा झाली. तिकडे स्वागताला गेलेले पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन लोक परतत असताना गर्दीने त्यांना गाठलं. विदेशी टोप्या हिसकावल्या, मारहाण केली, पारशी बायकांची छेड काढली, दारूची दुकानं फोडली. गर्दी हिंदू-मुसलमान अशी मिश्र होती आणि घोषणा ऐक्याच्या होत्या. मग पारशी आणि अँग्लो-इंडियनांनी उलट हल्ले केले. चार-पाच दिवसांत पन्नासहून जास्त माणसं मेली. गांधींनी उपास धरला आणि लिहिलं की या दोन दिवसांत पाहिलेल्या स्वराज्याची मला दुर्गंधी आली. हिंदू-मुसलमान एकी छोट्या जमातींना धाकात ठेवण्यासाठी वापरली जाऊ शकते, हे त्यांनी त्याच आठवड्यात कबूल केलं.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी संयुक्त सभांच्या प्रत्येक नोंदीला आणखी एक प्रश्न जोडला: सभेत कोण नव्हतं? दोन जण एकत्र आले म्हणजे सगळे आले असं होत नाही. तुम्हीही हा प्रश्न सोडू नका. पारशी, ख्रिस्ती आणि अस्पृश्य मानले गेलेले लोक त्या सभांत कुठे होते, हे बघितल्याशिवाय प्रकल्प पुरा होणार नाही.

पुढचा उतार तुम्हाला माहीत आहे. मलबारमध्ये मोपला मुसलमानांचं बंड, फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा, आंदोलन मागे. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्ताननेच खिलाफत मोडीत काढली, म्हणजे ज्यासाठी अर्धी सभा जमली होती ती गोष्टच नाहीशी झाली. दंगे सुरू झाले. कोहाटच्या दंग्यानंतर सप्टेंबर १९२४ मध्ये गांधींनी दिल्लीत मोहम्मद अलींच्या घरात एकवीस दिवसांचा उपास धरला. उपास चालू असतानाच मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली एकता परिषद भरली. १९१९ मध्ये जे विषय समजुतीने बाहेर ठेवले होते तेच आता परिषदेच्या कामकाजात होते: गोवध, मशिदीसमोरचं वाजतगाजत जाणं, धर्मांतर. ठराव झाले, आणि दंगे थांबले नाहीत. उपास सुटल्यावर मोहम्मद अलींनी खाटकाकडून एक गाय सोडवून आणली आणि गांधींना भेट दिली. मी जेव्हा जेव्हा तो प्रसंग वाचतो तेव्हा गलबलून येतं. पाच वर्षांपूर्वी हजारो गाई कुणीही न मागता वाचल्या होत्या, आणि आता मोठ्या मनाचा माणूस एक गाय घेऊन उभा होता.

तर तुमच्या प्रश्नाकडे परत. त्या सभा खोट्या होत्या का? श्रद्धानंदांचंच उदाहरण घ्या. १९१९ मध्ये जामा मशिदीत बोलले. १९२३ पासून शुद्धीच्या, म्हणजे धर्मांतरितांना हिंदू धर्मात परत घेण्याच्या, चळवळीत पुढे होते. २३ डिसेंबर १९२६ ला दिल्लीत एका मुसलमान तरुणाने त्यांना घरात घुसून गोळ्या घातल्या. १९२६ वरून मागे बघून ४ एप्रिल १९१९ खोटा ठरवायचा असेल, तर त्या दिवशी मशिदीत बसलेल्यांना पुढची सात वर्षं ठाऊक होती असं मानावं लागेल. ती ठाऊक नव्हती. त्यांना पाच दिवसांपूर्वीचा गोळीबार ठाऊक होता, आणि शेजारच्या गल्लीतली प्रेतं. त्या माहितीवर त्यांनी जे केलं ते खरं होतं. ते टिकवायला जी रोजची व्यवस्था लागते, म्हणजे गल्लीपातळीवर भांडण मिटवणारी माणसं, गाईचं आणि वाजंत्रीचं आधीच बोलून ठेवणं, तिसऱ्याला सामावून घेणं, ती मोठ्या सभांच्या झगमगाटात उभी राहिली नाही. उणीव तिथे होती. 'खोट्या' आणि 'अपुऱ्या' यांत फरक आहे, आणि माझं मत दुसऱ्या शब्दाच्या बाजूला आहे.

'सगळं १९२२ ला संपलं' हेही लिहू नका. सोलापूरला ८ मे १९३० ला गोळीबार झाला, मग मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. खिलाफतीचा विषय तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, आणि टक्केवारीचा करारही नव्हता. गिरण्यांच्या त्या गावात ही माणसं कुठल्या सभांतून एकत्र आली हे शोधणं मला नेहमीच जास्त मोलाचं वाटत आलंय. तुम्ही सोलापूर भागातल्या असाल तर विषय तोच घ्या.

कामाला लागताना दोन गोष्टी सांभाळा. पोलिसांचा अहवाल हा सरकारच्या कानांनी ऐकलेला असतो. जहाल भाषणाला पानभर जागा, समेटाच्या भाषणाला दीड ओळ, आणि गर्दीचा आकडा बहुधा साहेबाला काय ऐकायचंय त्या बेताने. त्याच सभेची केसरीतली किंवा एखाद्या उर्दू पत्रातली बातमी शेजारी ठेवून वाचा. उर्दू येत नसेल तर शेजारच्या मदरशात नाहीतर उर्दू शाळेत जाऊन एखाद्या मास्तरांना विनंती करा. माझ्यासाठी एका निवृत्त उर्दू मास्तरांनी दोन उन्हाळे बसून कात्रणं वाचून दिली होती, चहाशिवाय काही घेतलं नाही. आणि पहिली सभा ६ एप्रिल १९१९ चीच निवडा. तिची हकिकत दोन्ही बाजूंनी मिळते, आणि चौपाटी ते ठाकूरद्वार हे अंतर सकाळी पायी चालून बघता येतं. भायखळ्याला खिलाफत हाऊस आजही उभं आहे, ईद-ए-मिलादचा जुलूस तिथूनच निघतो. जमलं तर त्या दिवशी जा.